भावाचं कोलेस्टेरॉल आणि भावजयीचा सोमवार

माझ्या धाकट्या भावाला कोलेस्टेरॉल झालं. 'झालं' असंच आमच्या गावात म्हणतात, जणू त्याआधी ते त्याच्या अंगात नव्हतंच. सांगलीला माझ्या घरी ही बातमी आधी चुलतभावाच्या फोनवरून आली, मग एका भाच्याने सांगितली, आणि शेवटी खुद्द पेशंटचाच फोन आला. आवाज असा, की पोरगा कलेक्टर झाल्याचं कळवतोय.

भाऊ फौजेतून सुभेदार होऊन घरी आला. आमचं गाव वडूजच्या पुढं, कोरड्या रानातलं. वडील मेंढरं राखायचे, आणि हाही लहानपणी त्यांच्या मागं उन्हातान्हात काठी घेऊन फिरायचा. आता पेन्शन आहे, स्लॅबचं घर आहे, थोडी शेती आहे, ती वाट्याने दिलेली आहे. फौजेने त्याला शिस्त लावली असं सगळे म्हणतात. ती त्याने घरी आल्यावर बायकोला लावली, हे मात्र कुणी म्हणत नाही.

तर वडूजच्या एका लॅबने गावात रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. नवरा-बायको जोडीने आले तर सवलत. या सवलतीपायी भावजयीचंही रक्त काढलं गेलं, नाहीतर तिच्या एकटीचं रक्त काढायला कुणाला सुचलं असतं? दोघांचे रिपोर्ट भावाच्या मोबाइलवर आले आणि तो मला फोनवर वाचून दाखवायला लागला. त्याचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, थोडं वर होतं. ड जीवनसत्त्व कमी होतं. हे त्याने इतकं सविस्तर सांगितलं की माझी भाजी करपली. मग मी भावजयीचं विचारलं. तिचं हिमोग्लोबिन साडेसात होतं. बाईमाणसाला निदान बारा तरी हवं.

"आक्का, बायकांचं असतंच गं तसं," तो म्हणाला. "माझं बघ की."

त्याचं बघायला सगळं गाव होतं. सकाळी टपरीवर पेन्शनर मंडळी जमायची, पूर्वी बैलांचे दात मोजायची तशी आता एकमेकांचे आकडे मोजायला लागली. ज्याचं ट्रायग्लिसराइड जास्त त्याला बाकावर मधली जागा. एकाचं सगळंच नॉर्मल निघालं, तर बिचारा कोपऱ्यात बसून दुसऱ्या लॅबमध्ये करून बघतो म्हणाला. आणि या सगळ्या चर्चा दुधाळ, गोड चहा आणि खारी खात चालायच्या.

ड जीवनसत्त्वाचा थाट वेगळाच. ज्या माळावर ऊन माणसाला सोडत नाही, तिथल्या माणसाला डॉक्टरने ऊन घ्यायला सांगितलं. उन्हात वाढलेला हा गडी रिटायर झाल्यापासून सावलीतून सावलीत जायला शिकला होता, त्यामुळे डॉक्टरचं चुकलं नव्हतं. पण भावाने ऊन घेणं ही ड्यूटी करून टाकली. गच्चीवर कॉट, कॉटवर सतरंजी, सतरंजीवर उघड्या पाठीने सुभेदार. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पावडर घ्यायच्या दिवशी तर कोमट दूध वर न्यावं लागे. ते जिना चढून कोण नेई, हे सांगायला नको. भावजय रानात कामाला जाते तेव्हा साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला टापर बांधते. तिला दिवसभर उन्हात राहूनही ऊन लागत नसणार. तिचं ड जीवनसत्त्व किती, हे बायकोच्या सवलतीत बसत नव्हतं.

डॉक्टरने भावाला सांगितलं ते साधं होतं. तळलेलं आणि बेकरीचं कमी करा, चाला, तंबाखू सोडा, रात्री ही एक गोळी घ्या. मटण महिन्यातून एखाद्या वेळी, तेही चरबी काढून. भावाने यातलं गोळी आणि मटण तेवढं ऐकलं. घरी येऊन फर्मान काढलं, उद्यापासून घरात मटण बंद, अंडी बंद, शेंगदाण्याचा कूट बंद, तेल बोटभर.

आमच्याकडची रीत अशी, की घरच्या कर्त्याला जे पथ्य ते सगळ्या घराला. त्याला मीठ बंद झालं की पोरांनीही अळणी गिळायचं. एका चुलीवर दोन भाज्या शिजल्या तर ते उधळेपण ठरतं, आणि कर्त्याच्या पानात नाही ते बायकोच्या पानात असलं तर ती निलाजरी ठरते. हा कायदा कुणी लिहिलेला नाही, पण आमच्या गावात तो मोडायची कुणाची टाप नाही. त्यामुळे कोलेस्टेरॉल एकाला झालं आणि पथ्य त्याच्या बायकोने जास्त पाळलं. तिला ज्या तीन गोष्टींतून थोडंफार रक्त मिळत होतं, त्या तिन्ही घरातून गेल्या. अंडी बंद, मग कोंबड्यांचं काय काम म्हणून कोंबड्याही विकल्या. त्या कोंबड्या भावजयीने पाळल्या होत्या.

भाऊ स्वतः मात्र उपाशी राहिला नाही. चैत्र लागला की आमच्या भागात गावोगाव जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेच्या मटणाचं आवतान पाव्हण्याला असतंच. कोरेगावकडचा मित्र, उंब्रजचा साडू, कुणाचा म्हणून मान मोडायचा? देवाचं असतं, त्याला पथ्य लागत नाही, असं भावाने मला समजावून दिलं. आवतानं पुरुषांना. बायका आपापल्या गावच्या जत्रेत भाकऱ्या थापतात.

वैशाखात मी गावी गेले. भावजय दारात आली आणि मला सगळ्यात आधी तिचे ओठ दिसले. पांढरे. तिने माझी पिशवी उचलली, ओसरीपर्यंत नेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तांदूळ निवडताना ती मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकत होती. हे रक्त कमी असल्याचं लक्षण, हे मी इतकी वर्षं शाळेत शिकवताना पोरी बघून शिकले आहे. भाकरी झाली, पुरुष जेवले, मी हट्टाने तिच्यासाठी थांबले, तेव्हा कळलं की ती जेवतच नाहीये. सोमवार होता. तिने चहा घेतला आणि शाबूचे दोन घास.

सोमवार कधीपासून करतेस, असं मी विचारलं. ती हळू आवाजात, पण ठामपणे म्हणाली, "धरलाय मी, वन्सं. यांचं कोलेस्टेरॉल उतरू दे म्हनून."

साडेसात हिमोग्लोबिनची बाई, दीड वेळ जेवणारी, नवऱ्याच्या अंगातली चरबी कमी व्हावी म्हणून स्वतः उपाशी राहत होती. मी पुष्कळ व्रतं पाहिली आहेत. पोरासाठी, नोकरीसाठी, पावसासाठीसुद्धा. एलडीएलसाठी धरलेलं व्रत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी इतका राग आला की मी उठून परसात गेले.

त्याच आठवड्यात भावाने पुन्हा तपासणी केली. पुन्हा जोडीने, पुन्हा सवलत. त्याचं एलडीएल एकशे दहावर उतरलं होतं. रोज रात्री तो डॉक्टरची गोळी बिनचूक घेत होता, तेवढी एक गोष्ट मात्र त्याने केली होती. पण श्रेय सोमवाराला गेलं. टपरीवर त्याने पेढे वाटले. कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून पेढे, आणि ते पेन्शनर मंडळींनी दोन-दोन उचलले. बायकोच्या उपासाचा गुण आला, असं तो सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगत होता, आणि मंडळी आपापल्या बायकांची आठवण काढून माना हलवत होती.

भावजयीचं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुधाचा पेला घेऊन गच्चीच्या जिन्यावर चढली आणि मध्येच बसली. पेला तिने सांडू दिला नाही. मी वर बघितलं तर ती जिन्यावर बसून धापा टाकत होती, आणि वरून हाक येत होती की दूध गार होतंय. मी तिला उठवायला गेले, तिला उठता येईना. मग मी कुणाला विचारलं नाही. भाच्याला गाडी काढायला लावली, तिची दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि तिला सांगलीला घेऊन आले. भाऊ गाडीपर्यंत आला, उघड्या पाठीने, आणि जेवणाचं कसं करायचं एवढंच विचारून परत गेला.

सांगलीच्या डॉक्टरणीने तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि पाळीबद्दल विचारलं. भावजय माझ्याकडे बघून मान खाली घालून बसली. कित्येक वर्षं पाळी आठ-दहा दिवस चालत होती, रात्री कपडे बदलायला उठावं लागत होतं. कुणाला सांगितलं नाही, कारण सगळ्यांचं तसंच असतं असं तिला वाटत होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. डॉक्टरणीने नीट समजावून सांगितलं, की हिमोग्लोबिन कमी असणं हा बायकांचा स्वभाव नव्हे. रक्त कुठून जातंय ते आधी शोधायचं, मग भरायचं. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, आणि जेवणाच्या आगेमागे चहा नको. गाठीचं ऑपरेशन करावं लागेल, पण सहावर कुणी टेबलावर घेणार नाही. शिरेतून लोह द्यायचं, आणि तिने पोटभर खायचं. अंडी, काळीज, पालेभाजी, कडधान्य, सगळं. उपास बंद. रक्त वर आलं नाही तर ऑपरेशन लांबणार, आणि तोवर दर महिन्याला ते आणखी जात राहणार.

सलाइनमधून लोह दिलं, आणि मी तिला माझ्या घरी ठेवून घेतलं. ती अंडं खायची, भाजी खायची, पण सोमवारी ताटाला हात लावायची नाही. धरलेलं मध्येच सोडलं आणि यांचं पुन्हा वाढलं तर, हे तिच्या डोक्यातून निघेना. मी समजावलं, रागावले, गोळीचं कारण सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि सोमवारी पाणी प्यायची. मला कळून चुकलं की ज्याच्यासाठी धरलंय त्यानेच सोड म्हटलं तर ती सोडेल. त्याला फक्त एक शब्द बोलायचा होता.

भाऊ एका सोमवारी आला. येताना स्वतःच्या रिपोर्टची प्रत बरोबर, दाखवायला. मी मुद्दाम काळीज परतलं होतं आणि ज्वारीची गरम भाकरी केली होती. भावजय स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, तिचं ताट वाढून ठेवलं होतं. तोंडावर थोडी तुकतुकी आली होती. ती ताटाकडे बघत नव्हती. मी भावाला बाहेरच्या खोलीत डॉक्टरणीचं सगळं सांगितलं. गाठ, सहा, ऑपरेशन. तो गंभीर झाला, हे मी मान्य करते. मग मी म्हटलं, तू आत जा आणि तिला एवढंच सांग की जेव, सोमवार सोड.

तो उठला नाही. हातातला कागद त्याने घडी घालून पुन्हा उघडला. ज्या माणसाने मटणापासून कोंबड्यांपर्यंत घराला हुकूम सोडले, त्याला हा एक हुकूम सोडता येईना. मग खालच्या आवाजात म्हणाला,

"आक्का, म्हंजे... आता उतरलंय ते. पुढचा रिपोर्ट येस्तोवर धरू दे की गं. मग सोडंल ती."

माझी कानशिलं तापली. हा आमच्या वडिलांचा मुलगा, माझ्या मांडीवर वाढलेला, आणि त्याला बायको हवी होती की एकशे दहा एलडीएल, हे त्याचं त्याला ठरवता येत नव्हतं. मी तोंड उघडलं होतं. मला त्याला बरंच काही ऐकवायचं होतं, पण ते राहून गेलं.

आमच्या दोन खोल्यांमध्ये दार नाही, नुसता पडदा आहे. आतून ताट ओढल्याचा आवाज आला. मी पडदा बाजूला केला. भावजयीने भाकरीचा तुकडा मोडला होता, काळजाच्या मसाल्यात बुडवला होता, आणि ती नवऱ्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो भुकेला असताना तिला त्याच्यासमोर घास तोंडात घालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आता तुमचं तुमी धरा," ती म्हणाली.

आणि जेवायला लागली. भाऊ हातातला कागद घेऊन पडद्यापाशी उभा राहिला. तिने सावकाश सगळी भाकरी खाल्ली, वाटी पुसून घेतली, आणि मला आणखी वाढायला सांगितलं.