साक्षगंधाआधीची शेवटची मॅच

आधी तो चहा संपवा, नाहीतर मधेच ठसका लागेल. माझ्या हातून जो घोळ झाला ना, तो राळेगावात आता लोक माझ्यादेखतच एकमेकांना सांगतात, आणि दरवेळी त्यात थोडं मीठमिरची जास्त पडतं. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगून टाकावं.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आणि माझं घरात बूड टेकेना. सकाळी फिरून आलो की कुलरची खस बदलायची. ती चांगलीच होती हे लक्षात आलं की पुन्हा जुनी लावायची. मग शेतात जाऊन कालचंच सोयाबीन आज बघायचं. शेवटी आमच्या हिनं, म्हणजे सुमननं, लेकीला फोन लावला.

"प्राची, तुह्या बाबाले कशात तरी गुंतव माय. हा माणूस दिवसभर घरात गोल गोल फिरून राह्यला. मलेच चक्कर येते."

प्राची यवतमाळला फार्मासिस्ट आहे. कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायचो हे तिला माहीत होतं. सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, आणि पडलो की गुडघ्याचं सालटं निघालंच म्हणून समजा. तेव्हा अमेरिकेतल्या एका व्यावसायिक टीमचा फोटो कुठल्याशा मासिकात आला होता. हिरव्या बनियनमधले ते ताडमाड लोक आम्ही कापून खोलीच्या दाराला चिकटवले होते. पण त्यांना खेळताना कुठे बघणार? टीव्हीवर ते दिसत नव्हते आणि पेपरात येत नव्हते.

तर प्राचीनं काय करावं? मला नवा मोबाईल घेऊन दिला, तो टीव्हीला जोडला, आणि त्याच टीमचा चाळीसेक वर्षांपूर्वीचा अख्खा सिझन काढून दिला. कोणा भल्या माणसानं पहिल्या मॅचपासून शेवटच्या मॅचपर्यंत सगळा इंटरनेटवर टाकून ठेवलेला.

झालं, माणूस गुंतला. आणि मी कुठलीही गोष्ट थोडीशी करत नाही, हा माझा जुना आजार आहे. मी नियम केले. रोज एकच मॅच. दुपारी चार म्हणजे चार. पुढे पळवायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, पुढचा निकाल मला कळता कामा नये. मोबाईलवर मॅचच्या खाली लोक काहीबाही लिहितात, त्यावर मी बोट ठेवूनच टीव्ही लावायचो. पेपरातलं खेळाचं पान वाचणं बंद केलं.

"अवो, चाळीस वर्षाच्या जुन्या मॅचचा निकाल आजच्या पेपरात कायले येईन?" सुमन म्हणाली.

"काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

पेरणीच्या दिवसात पहिली मॅच बघितली आणि कपाशीची बोंडं फुटायला लागली तेव्हा फायनल आली. मधल्या काळात ती माणसं घरचीच झाली. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मीच नावं ठेवली. एक लंबू, एक टकल्या, आणि एक गुडघ्याला पट्टी बांधून खेळणारा, तो लंगड्या. लंगड्या माझा जीव की प्राण. त्याचा पाय दुखावला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. तो माणूस आज सत्तरीचा असेल आणि आरामात नातवंडं खेळवत असेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी घास उतरत नव्हता.

याच दिवसात प्राचीचं लग्न ठरत आलं. मुलगा निखिल, मारेगावचा, वीज खात्यात अभियंता. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. प्राची मुळात कमी बोलते, पण सुट्टीला घरी आली आणि त्याचा फोन आला की अंगणात जाऊन तासभर बोलायची. तिला एवढं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं. साक्षगंध, म्हणजे तुमच्याकडचा साखरपुडा, तेवढा व्हायचा बाकी होता.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, तिच्यावरच सगळं घोडं अडलं. पसंती झाली तरी साक्षगंधाआधी दोन्हीकडचे लोक गुपचूप चौकशी करतात. कोणीतरी अनोळखी माणूस त्या गावात जातो, टपरीवर बसतो, दुसऱ्याच विषयावरून सुरुवात करतो आणि हळूच घराण्याची माहिती काढून घेतो. मी स्वतः मारेगावला बैलजोडी घ्यायच्या बहाण्यानं गेलो होतो. निखिलची चौकशी इतकी बेमालूम केली की एक म्हातारा खरोखरच बैल दाखवायला घेऊन गेला. म्हणजे असा माणूस आपल्याकडेही येणार, हे मला कळायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण डोक्यात हिरवे.

फायनल म्हणजे काही एक मॅच नसते. त्याच दोन टीम पुन्हा पुन्हा भिडतात आणि जो आधी चार जिंकेल तो राजा. आमचे हिरवे दोन जिंकले होते, समोरचे तीन. त्या दिवशीची हरलो की खेळ खलास. मला घरात बसवेना. सकाळीच एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर गेलो. उठत होतो, बसत होतो, घड्याळ बघत होतो. "देविदासभाऊ, बसा ना एका जागी," टपरीवाला ओरडला. बाकावर पिशवी घेऊन एक गृहस्थ बसले होते.

"काहून भाऊ, तब्येत बरी नाई का?"

"तब्येतीले काय झालं? आज चारले मॅच आहे."

"क्रिकेटची?"

"क्रिकेट कोण पाह्यते! बाहेरदेशची. आज आपली टीम हरली तं मी संपलो पहा."

ते जरा जवळ सरकले. "बापरे. कधीपासून आहे हे?"

"पेरणीपासून. रोज चारले बसतो. जेवण गोड लागत नाई, झोप लागत नाई."

"घरचे काही म्हणत नाईत?"

"बायकोनं बोलणंच टाकलं. पण पोरगी सोन्यासारखी आहे. तिनंच तं शिकवलं मले हे सगळं. मोबाईल बी तिनंच घेऊन देला."

त्यांचा चहाचा ग्लास तोंडाशी गेलेला तसाच खाली आला. "पोरीनं?"

"हाव. हुशार आहे पोरगी," मी अभिमानानं म्हणालो.

ते गृहस्थ पिशवी उचलून पहिल्या एसटीनं निघून गेले. आपण मनातलं बोललो आणि कोणीतरी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणून मला किती बरं वाटलं काय सांगू.

दुपारी हिरवे जिंकले. लंगड्यानं एकट्यानं मॅच ओढून आणली. आता बरोबरी झाली होती आणि उद्या शेवटची मॅच. मी अंगणात नाचत होतो तेवढ्यात फोन वाजला. निखिलचे वडील, वसंतराव.

"देविदासभाऊ, साक्षगंधाचं सध्या राहू द्या. आमच्या कानावर काही गोष्टी आल्या. उद्या दुपारी येऊन समोरासमोर बोलतो."

आणि अशा वेळी शहाण्या बापानं काय म्हणावं? या, केव्हाही या, घर तुमचंच आहे. मी काय म्हणालो?

"या ना. फक्त चारच्या आधी या, नाईतं सहाच्या नंतर."

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्राची सकाळच्याच गाडीनं आली. चेहरा उतरलेला होता. निखिलनं तिला सगळं सांगितलं होतं. त्यांच्याकडे असं पोचलं होतं की मुलीचा बाप मॅचवर सट्टा लावतो, पेरणीपासून घर बुडवून बसला आहे, आणि मोबाईलवर तो सट्टा शिकवणारी मुलगीच आहे.

"बाबा, हे तुम्ही नीट करा," ती एवढंच म्हणाली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

साडेतीनला वसंतराव आले. सोबत मुलाचे मामा. मामांना मी बघताक्षणी ओळखलं. पिशवीवाले गृहस्थ.

मी हात जोडून सगळा खुलासा केला. सट्टा नाही, जुनी मॅच आहे, चाळीस वर्षं होऊन गेली.

"जुनी आहे?" मामा म्हणाले. "मंग जिंकलं कोण?"

"ते मले माहीत नाही."

"चाळीस वर्षं झाले अन् माहीत नाई?"

"मी माहीत होऊच देलं नाही."

"अन् चारलेच कायले पाहा लागते?"

"कारण मॅच चारले असते."

मामांनी वसंतरावांकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मलाही कळला. आता दोनच शक्यता उरल्या होत्या. मुलीचा बाप सट्टेबाज आहे किंवा त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. यातलं कोणतं साक्षगंधाला चालेल, याचा मीसुद्धा विचार करायला लागलो. आणि खोटं कशाला बोलू, त्यातही माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती.

वसंतरावांनी टीम कोणती, सिझन कोणता, ते विचारलं. मी सांगितलं.

"मी बी बास्केटबॉल खेळलो आहे," ते हळूच म्हणाले. "आमच्या हॉस्टेलवर एक परदेशी मासिक यायचं, शिळं. हा सिझन मी वाचला आहे. शेवटच्या मॅचचा निकाल मले पक्का आठवते. सांगू?"

मी खुर्चीतून उडालोच. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले आणि ओरडलो, "नका सांगू! वाटल्यास साक्षगंध पुढं ढकला, पण सांगू नका!"

बोललो आणि बघतो तर दारात प्राची, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन. तिच्यामागे सुमन. सुमनच्या डोळ्यात मला पुढची वीस वर्षं दिसली. पण प्राचीकडे बघवेना. तिला राग आला नव्हता, नुसतं वाईट वाटलं होतं. बापाला आपण जास्त की लंगड्या जास्त, हे तिनं आत्ताच स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की कानावरचे हात आपोआप खाली आले.

"सांगा," मी म्हणालो. "आत्ताच सांगा. पोरीपेक्षा जास्त काही नाही मले."

वसंतरावांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "हरले तुमचे हिरवे."

आता हसू नका. मला रडू आलं. पाहुण्यांसमोर, पोह्यांसमोर, मी उपरण्यात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागलो. पेरणीपासूनचं सगळं बाहेर पडलं.

मामा उठून माझ्याजवळ आले, पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या मेहुण्याला, वसंतरावांना म्हणाले, "बावाजी, हा माणूस सट्टेबाज नाई. सट्टेबाज चाळीस वर्षं निकालासाठी थांबत नाई. हा नुसता येडा आहे."

"येडा चालते," वसंतराव म्हणाले. "घ्या पोहे. साक्षगंधाची तारीख काढू."

ते गेले आणि मी टीव्ही लावला. नियम म्हणजे नियम. पण मजा कसली येणार? हिरवे मागे पडले की मी म्हणायचो, पडणारच. पुढे आले की म्हणायचो, या बापहो, शेवटी काय होणार ते मला माहीत आहे. शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा ते बरेच मागे होते आणि लंगड्या धड चालतही नव्हता. त्याला हरताना मला बघवेना. मी रिमोट उचलला.

"बाबा, पूर्ण पाहा ना," प्राची मागून म्हणाली.

"प्राची, एक शब्द बोलू नको," मी म्हणालो आणि टीव्ही बंद केला. त्यानंतर त्या मॅचला मी हात लावला नाही.

साक्षगंध थाटात झालं. अंगठ्या घालून झाल्या, टाळ्या वाजल्या, आणि वसंतराव माझ्या खांद्यावर हात टाकून, आता व्याह्याच्या नात्यानं, हळूच म्हणाले, "इवाई, तो शेवटचा शॉट काय होता ना! एका पायावर उभं राहून टाकला पठ्ठ्यानं."

"कोणता शॉट?"

"अहो, ज्याच्यावर जिंकले तो. त्या दिवशी मी मुद्दाम उलटं सांगितलं, तुमचं तोंड पाह्यचं होतं. नंतर तं तुम्ही पाह्यलीच असन ना मॅच?"

सगळा सिझन उन्हात-पावसात ज्याच्या मागे फिरलो, तो जिंकला तेव्हा मीच टीव्ही बंद करून पाठ फिरवून बसलो होतो. पुन्हा डोळे भरून आले. मंडप गलबलला. बायका म्हणाल्या, लेकीच्या मायेनं रडून राह्यले बिचारे. सुमननं कित्येक महिन्यांनी माझ्याशी गोड बोलत स्वतःच्या पदरानं माझे डोळे पुसले. फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला. तो आता दोन्ही घरांच्या भिंतीवर आहे आणि मी आजवर कोणाला काही बोललो नाही.

प्राची पाया पडायला वाकली. उठताना माझ्या कानाशी आली.

"बाबा, हिरवे जिंकले हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तुम्हीच म्हणाले होते ना, एक शब्द बोलू नको."