दोन्ही हातांनी घेतलेलं प्यादं

साउत मानिक तळ्याकाठच्या बालिगे गावात, धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि उरलेला वेळ बुद्धिबळ खेळायचा. वय एकसष्ट. जिल्ह्याच्या संघात एकदा तरी नाव लागावं, मेदान शहरात खेळायला जावं, एवढीच हौस. चार वर्षं शेवटच्या डावात हरला. यंदा पुन्हा शेवटचा डाव, जिंकणारा संघात. समोर सिलालाही आडनावाचा पंचविशीतला शाळामास्तर. पांढऱ्या सोंगट्या आल्या की तो किंग्ज गँबिटच खेळतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक. दुसऱ्याच खेळीला उंटापुढचं प्यादं फुकट पुढे करायचं. घेतलंत की राजावर धाड.

तीन महिने साउतने एकच घोकलं. घ्यायचं नाही, आपला उंट बाहेर काढायचा. बायको तिओमिनार भात वाढतानाही विचारायची, "प्यादं दिलं तर?"

"नाही घेणार."

"नक्की?"

"जेवू दे गं बाई!"

घोळ झाला तो डाव सुरू होण्याआधी. बाताक जमातीची दोन माणसं समोरासमोर बसली की नातं काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"सिलालाही कुठले?" साउतने विचारलं.

"पारोपोचे."

"अरे, माझी आईही पारोपोची सिलालाहीच!"

पिढ्या मोजल्या. पोरगा नात्याने मामा निघाला. साउत ताडकन उठून वाकला.

"बसा हो भाचेबुवा," मास्तर ओशाळला. "लाजवता काय!"

पांढऱ्या सोंगट्या मास्तरकडे. घड्याळ सुरू झालं. दुसऱ्या खेळीला प्यादं पुढे आलं. आता, बाताकांत मामा देईल ते भाच्याने दोन्ही हातांनी घ्यायचं, मग तो मासा असो की खांद्यावर घालायचं वस्त्र. नाही म्हणायची सोय नाही. डोकं उंटाकडे बघत होतं आणि साउतचे दोन्ही हात पुढे गेले. बोटं प्याद्याला लागली.

"हात लागला," पंच म्हणाला. "मारावं लागेल."

प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे तिओमिनारने कपाळ बडवलं. तिथे बोलायला बंदी. साउतने प्यादं मारलं आणि पुढचे दोन तास स्वतःच्या राजाची शिकार बघत बसला. तेविसाव्या खेळीला हरला.

रविवारी चर्च सुटल्यावर मास्तर दारात हजर. हातात ताट, ताटात हळदीत शिजवलेला अख्खा मासा.

"उद्या मेदानला निघतोय, भाचेबुवा. मनात काही ठेवू नका."

"हा तरी नको म्हणा," तिओमिनार मागून फिसकारली.

साउतने लुंगीला हात पुसले, आणि दोन्ही पुढे केले.