हरल्याचं जेवण

मल्हारअण्णा निवडणूक हरले की दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जेवण असे. साधंसुधं नव्हे. केळीच्या पानावर कोसंबरी, चित्रान्न, कटाची आमटी आणि त्यांच्या पत्नी सरूअक्कांच्या हातचे ओब्बट्टू, म्हणजे आपल्या पुरणपोळ्याच, पण डाळीच्या वेगळ्या आणि खोबऱ्याच्या वेगळ्या. ज्यांनी अण्णांना पाडलं त्या सगळ्यांना अगत्याचं आमंत्रण. निवडून आलेल्या कुलकर्णी साहेबांना तर पहिलं पान. आणि अण्णा दरवर्षी हरत.

ही निवडणूक बेंगळुरूतल्या आमच्या लहानशा मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची. मंडळ म्हणजे कॉटनपेटेत एका किराणा दुकानावरच्या दोन खोल्या, सतरंज्या, एक हार्मोनियम आणि गणपतीत जागं होणारी पन्नासेक कुटुंबं. या खुर्चीसाठी कुणी आयुष्यभर झुरावं असं तिच्यात काही नव्हतं. तिचा एक पाय तर विटेवर होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी कोल्हापूरहून इथं आलो आणि अण्णांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"कोल्हापूर."

"म्हणजे नवीनच की तुम्ही," अण्णा म्हणाले. "आम्ही थोरल्या राजांबरोबर आलो. त्यांना इथली जहागीर मिळाली, आम्हाला ही गल्ली."

थोरले राजे म्हणजे महाराजांचे वडील. मोठ्या माणसांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही अण्णांच्या घरची रीत, आणि ती त्यांनी अख्ख्या इतिहासाला लावून टाकली होती. रशियात फसलेला तो सम्राट म्हणजे 'फ्रान्सचे साहेब'. पानिपतावर पडलेले सेनापती म्हणजे नुसते 'भाऊ'. सुरुवातीचे काही दिवस मला वाटायचं, हे भाऊ अण्णांचे चुलत बंधू असावेत आणि त्यांचं काहीतरी फार वाईट झालं असावं. मी एकदा सहानुभूतीनं विचारलंही, "आता कसे आहेत?" अण्णा माझ्याकडे बघतच राहिले.

कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झालेला हा माणूस फक्त हरलेल्यांची चरित्रं वाचत असे. दर रविवारी सकाळी मंडळात त्यांचं व्याख्यान असे आणि त्यात कुणीतरी हमखास हरे. "जिंकलेल्याकडे शिकण्यासारखं काय असतंय रे मरी?" ते मला म्हणत. मरी म्हणजे पोरा. "त्याला स्वतःलाच ठाऊक नसतंय तो का जिंकला. हरलेल्याला विचार. पाय कुठं घसरला ते तो बरोब्बर दाखवतो."

हे ज्ञान ते गरजूंना घरपोच देत. कंपनी मला अमेरिकेला पाठवणार होती आणि मद्रासला जाऊन मी व्हिसा नाकारून घेऊन आलो. तोंड लपवून माडीवर पडलो होतो. अण्णा कॉफीचे दोन पेले घेऊन वर आले. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी फ्रान्सच्या साहेबांना मॉस्कोपर्यंत नेलं, बर्फात अडकवलं, घोडे मारले, माणसं मारली आणि शेवटी म्हणाले, "तुझं तर जाण्याआधीच अडलं. स्वेटर घेतला होतास का?"

"घेतला होता."

"मग! त्यांच्यापेक्षा तू हुशार. स्वल्प साखर घालू?" अण्णांनी धीर दिला की त्यातून सावरायला आणखी एक धीर देणारा लागायचा. पण कॉफी संपेपर्यंत मी हसत होतो, हेही खरं.

हरल्याच्या जेवणाला अण्णा स्वतःच्या पराभवाची अशीच चिरफाड करत. "मतमोजणीच्या वेळी माझा जरा डोळा लागला. काय करणार? थोरले राजेसुद्धा छावणीत शत्रूला झोपेतच सापडले."

"अण्णा, तुम्ही टक्क जागे असतात तरी मीच आलो असतो," कुलकर्णी साहेब म्हणत. ते बँकेत मॅनेजर होते आणि जेवताना स्पष्ट बोलत.

"सरी, सरी, बरं बरं. तूप घ्या."

आणि शेवटी, सगळे सुपारी चघळायला लागले की, पानिपत. ते ठरलेलंच. "पुतण्याला गोळी लागली. भाऊंना राहवलं नाही. हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि घुसले. शूर माणूस! पण फौजेला काय दिसलं? अंबारी रिकामी. झालं, पळापळ. म्हणून सांगतो, हत्तीवरून खुशाल उतरावं, पण सांगून उतरावं." मग आम्ही सगळे मान डोलवत असू आणि कुणीतरी हळूच विचारी, "अक्का, खोबऱ्याचा एखादा उरलाय का?"

अशी मजेत वर्षं गेली. एका गणपतीच्या आधी मी अक्कांना पंखा वरून काढून द्यायला खाली गेलो, तर त्या पलंगावर एक पांढरा शर्ट पसरून बसल्या होत्या. नवाकोरा, पण घड्यांवर पिवळा पडलेला.

"हा जिंकल्यावर घालायचा शर्ट," अक्का म्हणाल्या. "दरवर्षी निवडणुकीच्या आदल्या दिवशी स्वतः इस्त्री करून खुंटीला लावतात. दुसऱ्या दिवशी मी बघत नाही असं बघून परत ट्रंकेत ठेवतात. तुमच्यासमोर हसतात रे. त्या खुर्चीचं काही नाही त्यांना. कारखान्यात बढती चुकली, पोर राहिलं नाही. एकदा, एकदाच कुणीतरी त्यांना निवडावं एवढंच पाहिजे त्यांना."

 अण्णा हरतात म्हणून आपण सगळे किती खूश असतो, हे पहिल्यांदाच ध्यानात आलं. अक्कांच्या ते केव्हाच आलं होतं. शर्टाची घडी घालत त्या म्हणाल्या, "तुम्ही मंडळी ह्यांना पाडत नाही. माझ्या ओब्बट्टूला निवडून देता."

गणपतीच्या शेवटच्या आरतीला अण्णा बाहेर चपला सरळ लावत होते, तेवढ्यात अक्का प्रसादाचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. जन्मात मंडळात कधी बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "यंदापासून हे हरले तर नुसती कॉफी. जिंकले तर ओब्बट्टू." कुलकर्णी साहेबांच्या घशात खिरापत अडकली. पाणी द्यावं लागलं.

पुढच्या रविवारी अण्णा निवडून आले. असे निवडून आले की पेटीत कुलकर्णी साहेबांचं स्वतःचं मतही कुलकर्णी साहेबांना सापडलं नाही. अण्णा थेट घरी पळाले आणि तो शर्ट घालून परत आले. गळ्याचं बटण लागत नव्हतं. आम्ही टाळ्या वाजवल्या, भाषण करा म्हणून ओरडलो. तासन्‌तास बोलणारा माणूस विटेवरच्या खुर्चीला धरून नुसता उभा. शेवटी म्हणाले, "जिंकल्यावर काय बोलतात ते मी कधी वाचलेलंच नाही."

दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत मात्र त्यांच्यातला अभ्यासक जागा झाला. आपण जिंकलोच कसे? पायाखाली काय बदललं? ते वाढता वाढता एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कुलकर्णी साहेबांपाशी थांबले. "खरं सांगा साहेब, मत कुणाला दिलंत?" साहेबांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी हातातल्या घासानंच स्वयंपाकघर दाखवलं.

अण्णांना कळायला एक क्षण लागला. मग ते असे हसले की तुपाचं भांडं माझ्याकडे द्यावं लागलं. हसू ओसरल्यावर आत जाऊन अक्कांना म्हणाले, "सरू, इतकी वर्षं तो शर्ट तू बघत होतीस होय?"  अक्कांनी तव्यावरचा ओब्बट्टू उलटला.

अध्यक्ष म्हणून अण्णा अगदीच यथातथा होते. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तरी मॉस्कोला जाऊन येत. पण त्या वर्षात त्यांची मान जरा ताठ झाली होती, चालताना दोन्ही हात मागे जात होते, आणि ते बघायला आम्हाला फार आवडे. पुढे छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी जिने बंद केले. आम्ही म्हटलं, नावापुरते राहा, घरी बसून सही करा. ऐकतायत कुठं! शर्ट घालून, दोनदा पायरीवर बसून, मंडळात वर आले. म्हणाले, "भाऊ न सांगता उतरले. मी सांगून उतरतोय. अंबारी रिकामी दिसली म्हणून कुणी पळायचं नाही. रविवार चालू ठेवायचा. खुर्चीचा पाय तेवढा बसवून घ्या." यावर हसायचं की नाही, कुणाला कळेना.

त्या उन्हाळ्यात, दुपारची कॉफी झाल्यावर, आरामखुर्चीत डोळा लागला तो लागलाच. कुलकर्णी साहेब धावत आले. पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. "थोरल्या राजांसारखे झोपेतच सापडले हो," म्हणाले. मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. अण्णांना ते नक्की आवडलं असतं.

तेराव्याला गोड जेवण करतात. नातेवाईक बायका म्हणाल्या, शेवयांची खीर पुरे. अक्कांनी ऐकलं नाही. पहाटे उठून एकटीनं पुरण वाटलं. आम्ही गुपचूप पानांवर येऊन बसलो. अक्का वाढायला आल्या. डाळीचे वेगळे, खोबऱ्याचे वेगळे. कुणाचा हात पानाकडे जाईना.

"अक्का, कशाला केलंत हे आज?" कुलकर्णी साहेबांनी खालमानेनं विचारलं.

"म्हणजे काय?" अक्का म्हणाल्या. "हे हरले की आपल्याकडे ओब्बट्टू होतात. कॉफीचं ते मी रागानं बोलले होते." आणि तुपाचं भांडं घेऊन, नेहमीसारखं, साहेबांच्या पानापासून सुरुवात केली.