खिशातला १७९९

एलवुड बकवॉल्टरला मी आमच्या लँकेस्टर गावात कधी स्वस्थ बसलेला पाहिला नाही. जेवतानासुद्धा गुडघा हलत असतो. पण आमच्या जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या बैठकीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तांब्याचा जुना सेंट, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या भागाचं नाणं, तळहातावर ठेवा. खरा की खोटा, झीज किती, किंमत काय, सगळं सांगून मोकळा. वर टोमणा फुकट.

वीस वर्षांपूर्वी त्याचा जिवलग मित्र डॉर्सी हेस १७९९ चा सेंट घेऊन आला. त्या सालचे सेंट फार थोडे, म्हणून १७९८ मधला आठ कोरून नऊ करणारे लुच्चे पुष्कळ. एलवुडने नऊपाशी ओरखडा पाहिला आणि भिंगही न काढता ‘नकली’ म्हणून टाकलं. घाईच ती, मला तेव्हाही आवडली नव्हती. डॉर्सीने वाद घातला नाही. नाणं किल्ल्यांसोबत खिशात टाकलं. तेव्हापासून पैज लागली की तेच उडवायचं, गप्पा मारताना अंगठ्याने तेच घासायचं.

परवाच्या बैठकीत नवख्यांना नकली नाणं दाखवायचं म्हणून एलवुडने ते मागून घेतलं आणि पहिल्यांदाच भिंगाखाली धरलं. ओरखडा कोरल्याचा नव्हता. मातीत पडून तांबं खाल्लं गेलं होतं. अक्षरांमधलं अंतर, नाण्यावरच्या बाईच्या केसांची बट, मागच्या बाजूची पानं, सगळं खऱ्या १७९९ च्या साच्यातलं. आकडा कोरता येतो, अख्खा साचा कुठून आणणार? त्याने नाणं आणि भिंग माझ्याकडे दिलं. मीही पाहिलं.

नाणं डॉर्सीला परत देऊन त्याने दुसऱ्याच नाण्यावर कसाबसा धडा उरकला. मग खिडकीपाशी जा, कॉफी ओत, ती न पिताच पुन्हा खिडकीपाशी.

“सांगू की नको?” तो माझ्या कानाशी पुटपुटला. “सांगितलं तर त्याला कळणार, घराएवढी किंमत त्याने आपल्याच अंगठ्याने पुसली. माझ्यामुळे. नाही सांगितलं, तर उद्याही पुसणार.”

मला रागच आला. म्हटलं, वीस वर्षांपूर्वी तोंड उघडायला तुला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

तिकडे डॉर्सी प्रेट्झेलची खारी बिस्किटं खात नातीचे प्रताप सांगत होता. अंगठा नाण्यावर फिरतच होता.

“डॉर्सी,” एलवुड म्हणाला, “ते घासू नकोस.”

डॉर्सी हसला. “अरे, नकलीच तर आहे. घासलं म्हणून काय बिघडतंय?”

एलवुड पुन्हा खिडकीकडे वळला. डॉर्सीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. अंगठा थांबला. सवयीने तो नाणं किल्ल्यांच्या खिशात टाकायला गेला, आणि हात तसाच अधांतरी राहिला.