बिनवासाचा गॅस

दिनकर गेल्याची बातमी मला गेवराईत न्हाव्याच्या दुकानात कळली. माझ्या गालाला साबण लागलेला होता. बाकावरच्या एकानं फोन खिशात ठेवत सांगितलं, "पाटबंधारेवाले दिनकरराव गेले. सकाळी. हार्ट." शेजारचा हळूच म्हणाला, "चोरून घेत व्हते म्हनं. घरीच काढायचे." वस्तरा गळ्यापाशी होता म्हणून मी गप्प राहिलो, असं मी नंतर स्वतःला बजावलं... ते खरं नाही. मी गप्प राहिलो, कारण ते बोलणं मुळात माझंच होतं. चार तोंडं फिरून ते माझ्यापाशी परत आलं होतं. दिनकर दारू पीत नव्हता. एकदा सोडली ती सोडलीच. हे छापून यावं, एवढ्यासाठी हा लेख.

आम्ही दोघं शिरूर कासारचे, एका बाकावरचे. तो पाटबंधारे खात्यात लागला, मी दारूबंदीच्या. तो पीत होता तेव्हा बेसुमार पीत होता. एकदा त्याची बायको, आमच्या वैनी, मुलांना घेऊन दिंद्रुडला माहेरी निघून गेल्या. त्यांना आणायला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. सासऱ्याच्या अंगणात त्यानं माझा दंड धरला आणि म्हणाला, "आजपासून बंद. ह्यो माझा जामीन." वैनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, तुमच्या भरवशावर येते. ध्यान ठेवा." मी ध्यान ठेवलं. नको इतकं ठेवलं. त्याच्या घरी गेलो की बोलण्याआधी श्वास आत ओढायचा, ही सवयच लागली. त्याला ते कळायचं. "या फौजदार, घ्या हुंगून," म्हणत तो स्वतःच तोंड पुढं करायचा आणि हसायचा.

निवृत्तीनंतर त्यानं काचेची टाकी आणली. मासे नावापुरते होते, जीव सगळा झाडांवर. पाण्याखाली हिरवी बाग करायची होती त्याला. दिवा झाला, खत झालं, तरी पानं पिवळी पडायची. मग कुणीतरी त्याला सांगितलं, की पाण्यातल्या झाडांना कार्बन कमी पडतो, तो बाहेरून द्यावा लागतो. मला हे सगळं थापांसारखं वाटलं. सोड्याच्या बाटलीतला गॅस झाडाला कशाला?

आणि एका दुपारी टाकीमागं मला दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसल्या. आत तपकिरी पाणी, वर फेस, बुचातून निघालेली बारीक नळी. वास तर दारातच आला होता. ज्या वासामागं मी नोकरीभर नदीकाठची झुडपं तुडवली, तोच. आंबलेल्या गुळाचा. आमच्या पंचनाम्यात त्याला रसायन म्हणत. मी बूच काढून बघत होतो, तेवढ्यात तो आतून आला.

"काय करतूस बे? गॅस निघून जाईल ना सगळा!"

"हे काय हाय, दिनकर?"

"गूळ, पाणी, अन् बेकरीतलं यीस्ट. आत आंबतंय, त्याचा गॅस नळीनं झाडाला जातुय. सगळ्यात स्वस्त कारभार."

"अन् खाली उरतं ते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "मोरीत वततो," म्हणाला. "कावून? तुला पायजे का?"

मी हसलो, पण विश्वास ठेवला नाही. पकडलेला प्रत्येक माणूस मला काहीतरी सांगत आलेला होता. एकानं तर पिंपभर रसायन म्हशीचं औषध म्हणून सांगितलं होतं. बाटलीत हातभट्टीवाले घालतात तो नवसागर नव्हता, भट्टीचं कुठलंच सामान घरात नव्हतं, हे मला दिसत होतं. तरीही जाताना मी वैनींना म्हणालो, "वैनी, जरा ध्यान असू द्या." आणि बसस्टँडजवळच्या टपरीवर, चहा पिता पिता, एकाला बोलून गेलो. एकालाच.

पुढं मी त्याला ते पाणी मोरीत ओतताना डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा तरी बोललेलं मागं घ्यायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की हा पुरावा नष्ट करतोय.

त्यानंतर त्यानं गूळ बंद केला. बाटलीत लिंबूफूल आणि खायचा सोडा घालू लागला, त्यातूनही तोच गॅस निघतो म्हणे. म्हटलं, सावध झाला. मग संभाजीनगरहून पातळ कार्बनची बाटली आली, रोज टोपणभर पाण्यात घालायची. म्हटलं, ही दाखवायची बाटली. मी खोदून विचारायचो, तो सरळ उत्तर द्यायचा. "गुळाला खर्च न्हाई, पन भरवसा बी न्हाई. थंडीत झोपतंय, उन्हाळ्यात उसळतंय. लिंबूफुलाला गुळापेक्षा पैसे लागतात, पन हाताशी ऱ्हातं. टोपणाचं औषध लहान टाकीला बरं. पन त्यात गॅस न्हाई अन् माझी लांब पात्याची झाडं त्यानं इरघळून गेली, म्हनून परत गूळच लावला. ह्याच गॅसचा तयार सिलिंडर घेताना कंबर मोडतो, मग भरायला किरकोळ."

"एवढ्याशा टाकीला सिलिंडर? गूळच बरा की."

"गूळच बरा," तो म्हणाला. आणि पुढच्या महिन्यात सिलिंडर घेऊन आला. रेग्युलेटर, झडप, सगळं. आपल्याच हिशेबाविरुद्ध माणूस एवढा पैसा घालतो, म्हणजे काहीतरी लपवतोय, हे मी मनाशी पक्कं केलं...

तेरावं झाल्यावर मी वैनींकडे गेलो. न्हाव्याच्या दुकानातलं सांगितलं, आणि ते कुठून निघालं तेही सांगितलं.

"तुमी सांगितल्यापासून मी त्येंचं तोंड हुंगायची," त्या म्हणाल्या. "झोपले की. येकदा बी वास आला न्हाई, भावजी. पन बाटल्यांचा वास घरात असायचाच, मंग मला वाटायचं, बाटलीचा का त्येंचा? येकदा जागे झाले. काय बोलले न्हाईत. म्हैन्यानं सिलिंडर आनला. म्हनले, लई म्हाग पडला, पन ह्याला वास न्हाई, आता तू सुखानं झोप."

मला बसवेना.

"टपरीवर बोललाव ना?" वैनी म्हणाल्या. "तितंच जाऊन सांगा."

गेलो. मोठ्यानं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "दोस्त हाय. झाकणारच." दुसऱ्यानं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला आणि विषय बदलला. संशय कसा पेरायचा ते मला येतं. उपटायचा कसा, ते मी कधी शिकलोच नाही. दारूबंदीच्या खात्यात नोकरी केलेला, दिनकरचा जामीन राहिलेला माणूस म्हणून लिहून देतो, की त्याच्या घरात दारू नव्हती. वाचणाऱ्यांनी आता तरी ते बोलणं थांबवावं.

टाकी अजून चालू आहे. सकाळी दिवा लागला की झडप उघडायची, संध्याकाळी बंद करायची. वैनींना झडपेची भीती वाटते, म्हणून मी जातो. परवा झडप फिरवून मी उभा होतो. पानांवर बारीक बुडबुडे धरले होते. आणि मी नकळत टाकीवर वाकलो, श्वास आत ओढला... मागं वैनी उभ्या होत्या.

"आला का वास?"

"न्हाई, वैनी."

"मला बी कदी आला न्हाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी येऊन वाकल्या.