कंडक्टरकाकांची पिशवी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते एका एसटी कंडक्टरचे. आईवडिलांचे उपकार मी यात धरत नाही. मी त्यांचाच होतो. कंडक्टरकाकांचा मी कुणीच नव्हतो.

आमचं गाव कागलच्या पलीकडे, हायवे सोडून बरंच आत. बारावी होऊन कोल्हापूरला कॉलेजला आलेला आमच्या घरातला मी पहिला. चौघांत मिळून एक खोली घेतली होती. खानावळ परवडत नव्हती, म्हणून आमच्याकडच्या इतर पोरांसारखा माझाही डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा. गावोगावच्या बायका डबे आणून गाडीत द्यायच्या, काका ते ड्रायव्हरच्या सीटमागं ओळीनं लावायचे, आणि गाडी स्टँडवर लागली की आम्ही पोरं दाराशी गोळा व्हायचो. कुणाचा डबा कुठला हे त्यांना पाठ असे. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत जायचे.

दुसऱ्या वर्षी एकदा भाजी सपक लागायला लागली. आईला वाचता येत नव्हतं, पण शेजारची मुलगी वाचून दाखवायची. मी रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकली, की आई, भाजीत तिखट कमी असतंय. दुसऱ्या दिवशी नाकाडोळ्यांतून पाणी येईल इतकी तिखट भाजी आली. मला बरं वाटलं.

परीक्षा देऊन गावी गेलो तेव्हा कळलं. आई गोठ्यात घसरून पडली होती आणि तिचा उजवा हात मोडला होता. अडीच महिने तिनं भाकरी थापली नव्हती. पोरगं परीक्षा टाकून येईल, त्याला सांगू नका, असं तिनंच काकांना बजावलं होतं. तेवढे दिवस माझा डबा कागलहून, काकांच्या घरातून येत होता. माझी चिठ्ठी काकूंनी वाचली होती.

पदवीचा निकाल लागल्यावर पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. आभाराचं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तर काका म्हणाले, डबा पोचवायचं कामच हाय की आमचं, आणि लगेच गावाकडं पाऊस कसा आहे ते विचारायला लागले. काकू आतून चहा-चिवडा घेऊन आल्या. चिवड्याची बशी माझ्यापुढं ठेवत म्हणाल्या, "बघ खाऊन. तिखट कमी असलं तर चिठ्ठी लिही." तिघंही हसलो. माझं वाक्य राहून गेलं, ते राहूनच गेलं. पुढं मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली, लग्न झालं, मी कोल्हापुरात बिऱ्हाड केलं. काकांची भेट वर्षातून एखादी, तीही कुणाच्या तरी लग्नात.

मग कोरोना आला.

पहिली कडक टाळेबंदी सैल होत होती, तेव्हाची गोष्ट. हायवेला लागून एक मोठं स्टोअर आहे. आमच्याकडं त्याला सगळे मॉलच म्हणतात. एरवी मी तिथं फारसा जात नसे. एवढा उजेड आणि एवढ्या वस्तू बघून आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय असं मला वाटतं. आई पहिल्यांदा आली होती तेव्हा तिनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या. पण त्या दिवसांत गल्लीतली दुकानं दोन तास उघडायची आणि तिथं माणसांवर माणसं पडायची, म्हणून मी मॉलला जायला लागलो. बाहेर पांढऱ्या फक्कीनं गोल आखलेले असायचे. एकेका गोलात एकेक माणूस. दारात मनगटावर बंदूक धरून ताप बघायचे, हातावर सॅनिटायझर ओतायचे, ट्रॉलीची दांडी पुसायचे, आणि घरटी एकालाच आत सोडायचे. आत जमिनीवर बाण. बाणाच्या उलट गेलं की कोपऱ्यातनं आवाज यायचा. कोल्हापूरच्या माणसाला एका दिशेनं चालायला लावणं सोपं नाही. एक काकी बाणाला न जुमानता साखरेकडं परत येत होत्या आणि तिथल्या मुलीला सांगत होत्या की साखर मागं राहिली, आता मी काय सगळ्या गावाला वळसा घालू काय.

अशाच एका सकाळी मी माझ्या गोलात उभा होतो. पुढं दाराशी गार्ड कुणाला तरी अडवत होता. सरकारी नियम होता की पासष्टीच्या वरच्यांनी बाहेर पडू नये. आजोबा, घरातल्या कुणाला तरी पाठवा, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

"घरात कोन हाय म्हणून पाठवू?" तो म्हातारा म्हणाला.

आवाजावरून ओळखलं. मास्कवर काकांचे डोळे तेवढे दिसत होते. गोल सोडून पुढं गेलो तर मागून दोघंतिघं ओरडले. काकांना बाजूला घेतलं. त्यांनी मला लगेच ओळखलं, आणि ओळखल्याचा त्यांना आनंद झाला नाही, हेही मला दिसलं.

काय आणायचंय ते सांगा, मी आणतो, असं मी म्हणालो. ते आधी तेल म्हणाले, मग साबण म्हणाले. एवढ्यासाठी कागलहून कुणी मोपेडवर येत नाही. शेवटी रस्त्याकडं बघत त्यांनी सांगितलं. काकूंना फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. अंथरुणातच सगळं. लेक निपाणीला दिलेली, पण मध्ये राज्याची हद्द आणि ती बंद. तिनं आधी आणून दिलेले मोठ्या माणसांचे डायपर संपले होते. आता काका जुनी लुगडी फाडून वापरत होते, आणि तेवढी धुणी त्यांच्यानं होत नव्हती. काकूंच्या पाठीला फोड यायला लागले होते.

कागलमधल्या औषधांच्या दुकानांत मिळत नाहीत का, असं मी विचारलं.

"मिळत्यात. पर तिथं सगळी वळखीची हायती," ते म्हणाले. "तिनं मला शपथ घातलीया, गावात कुणाला कळू द्यायचं न्हाय म्हणून."

मी आत गेलो. डायपरच्या कप्प्यापाशी उभा राहिल्यावर कळलं की मी माप विचारलेलं नाही. परत बाहेर जाऊन त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. मध्यम घेतले. बिलावरच्या मुलीनं पुडा उचलला, यंत्रापुढून फिरवला, पिशवीत टाकला. माझ्याकडं पाहिलंही नाही. आमच्याकडं दुकानदार गूळ मागितला तर पाव्हणे आलेत काय विचारतो, आणि मला ते आवडतं. माझं सगळं शिक्षण अशा विचारणाऱ्या माणसांच्या जिवावर झालं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की कुणी काही विचारत नाही अशीही एखादी जागा माणसाला लागते. काका एवढ्या लांब त्या जागेसाठीच आले होते.

पुढं व्यवस्था लागली. आमच्या कंपनीची बस कागलची माणसं घ्यायला फाट्यापर्यंत जायची. आठवड्यातून एकदा मी तिथं अर्धा मिनिट खाली उतरायचो आणि काकांच्या हातात कापडी पिशवी द्यायचो. पुडा तळाला, वर तांदूळ नाहीतर कांदे. असं पाचसहा वेळा झालं.

मग कंपनीनं निम्म्या निम्म्या माणसांना आळीपाळीनं बोलवायला सुरुवात केली. माझा आठवडा घरी बसायचा आला. काकूंचा पुडा तर संपत आला असणार. मी सरळ पिशवी बसच्या ड्रायव्हरकडं दिली. यात काही जोखीम आहे असं मनात आलंच नाही. माझा जन्म गाडीबरोबर वस्तू धाडणाऱ्या मुलखातला; गाडीत दिलेली वस्तू पोचते हा आमचा धर्मच. कापडी पिशवी त्या दिवशी धुऊन वाळत घातलेली होती, बाहेरून आलेलं सगळं तेव्हा आम्ही धूत असू, म्हणून पुडा स्टोअरच्या पातळ पिशवीतच राहिला. ड्रायव्हरनं विचारलं, आत काय आहे, नाक्यावर पोलिसाला सांगायला पाहिजे. मी सांगून टाकलं.

ड्रायव्हर चांगला माणूस. आपलं काम विसरून जाईल म्हणून तो सगळ्या रस्त्यानं ते घोकत गेला असावा. फाट्यावर काका रस्त्याच्या पलीकडं उभे होते. तिथल्या बाकड्यावर पाचसहा जण मास्क हनुवटीला लावून बसलेले. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यानं खिडकीतून पिशवी बाहेर काढली आणि हाळी दिली, "ओ मास्तर, तुमचं डायपर आल्यात. घ्या की."

बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "मास्तर, या वयात पाळणा हलीवला काय?"

सगळे हसले. काका जागेवरून हलले नाहीत. "माझं न्हाय ते. भलत्याचं आसंल," एवढंच म्हणाले आणि घराकडं चालू लागले. ड्रायव्हरनं संध्याकाळी पिशवी मला परत आणून दिली आणि हे सगळं गंमत म्हणून सांगितलं. मी त्याच्यावर चिडू शकलो नाही. त्याला गुप्त ठेव असं मी सांगितलंच नव्हतं.

काका फोन उचलेनात. दोन दिवसांनी मी मोटारसायकल काढून त्यांच्या घरी गेलो. ते खिडकीत आले, दार उघडलं नाही. "कोरोना हाय बाबा. कुणाच्या दारात येऊ नगंस," म्हणाले. आतून काकूंच्या कण्हण्याचा आवाज येत होता. खिडकीच्या गजांवर वाळत घातलेली फाडलेली लुगडी दिसत होती. मी पिशवी पायरीवर ठेवायला वाकलो, तर त्यांनी हात आडवा करून नको म्हटलं. समोरच्या ओट्यावर दोन माणसं बसून बघत होती. पिशवी घेऊन मी परत आलो.

घरी येऊन विचार केला. तोंडानं बोलायला गेलो तर ते पुन्हा पावसाचंच विचारणार. म्हणून त्याच रात्री पत्र लिहिलं आणि सकाळी पोस्टात टाकलं. पाचव्या दिवशी काकांचा फोन आला. त्यांनी फक्त माप सांगितलं आणि फोन ठेवला. पुढं निपाणीची हद्द उघडून लेक येऊन राहीपर्यंत दर शनिवारी मी जात होतो. काकू आता भिंतीला धरून चार पावलं टाकतात. पत्राबद्दल आम्ही कधी बोललेलो नाही. त्याचा कच्चा मसुदा माझ्या वहीत राहिला, तो असा:

ती. स्व. काका यांना नमस्कार.

तुम्ही फोन घेत नाही, त्याचं मला वाईट वाटलं, पण राग नाही. फाट्यावर जे झालं त्यात ड्रायव्हरचा दोष नाही. पिशवीत काय आहे ते त्याला मी सांगितलं. काकूंनी तुम्हाला घातलेली शपथ मला माहीत होती, तरी मी सांगितलं. माझ्या आईची गोष्ट तुम्ही अडीच महिने पोटात ठेवलीत. मला तुमची एक गोष्ट ठेवता आली नाही. मी काकूंची माफी मागतो. पत्र त्यांना वाचून दाखवा.

त्या अडीच महिन्यांबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो. मी आज जो काही आहे तो त्या वर्षी पास झालो म्हणून आहे, आणि पास झालो ते तुम्हा दोघांमुळं. याचं उत्तर देऊ नका.

मी हे जे आणून देतो ती परतफेड समजू नका. तशी समजत असाल म्हणून घेत नसाल, तर मी आजपासून आभार परत घेतो, पण काकूंच्या पाठीचे फोड वाढू देऊ नका. लोक आठ दिवस हसतील. काकूंना रात्रंदिवस त्याच पाठीवर झोपायचं आहे.

येत्या शनिवारपासून मी स्वतः येईन, दुपारी, ओट्यावर कुणी नसतं तेव्हा. तांदळाच्या जुन्या पोत्यात बांधून आणीन. मागच्या दारी ठेवीन आणि निघेन. थांबणार नाही, हाकही मारणार नाही.

एक चूक आणखी आहे. मी पहिल्या दिवशी माप विचारलं नाही आणि अंदाजानं मध्यम घेत राहिलो. तुम्हीही काही बोलला नाहीत. ते काचत असतील तर फोड त्यानंच वाढत असतील. स्टोअरमध्ये मोठं आणि त्याहून मोठं, दोन्ही मिळतं. काकूंना विचारा आणि फोन करून तेवढं माप सांगा. बाकी काही बोलायची गरज नाही.