कमरेएवढी माती

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बाजारात वांगी निवडत होते. मामेभाऊ बसवराजचा आवाज ओला होता. ‘ताई, दादा गेले. सांजच्याला माती हाय, लगेच निघ,’ एवढंच म्हणाला. लातूरच्या गाडीत रुमाल हातात धरूनच बसले होते, रडू आवरणार नाही हे ठाऊक होतं. पण अहमदपूर मागे पडलं आणि मामांनी सासऱ्याला सापांची भीती घालून सबंध रानात फिरू दिलं नव्हतं, ते आठवलं... आणि मला चक्क हसू आलं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहून पिशवी जरा आपल्याकडे ओढून घेतली. शिवामामांची आठवण अशीच येते, ती काही तोंड पाडून येत नाही.

शिवामामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. औशाजवळच्या आमच्या आजोळी वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्यांना ओढ्याकाठचं काळं रान गेलं आणि मामांच्या वाट्याला गावामागचं बरड आलं. वर वीतभर तांबूस माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाच्या पोटात तव्यासारखा कडक थर. कुदळ मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. पाऊस पडला की पाणी खाली मुरायचंच नाही, वरच तुंबून राहायचं, चिखलात चप्पल रुतायची. आणि दोन दिवस ऊन पडलं की तेच रान पापडासारखं वाळून जायचं. ज्वारी गुडघ्याला आली की तिथंच रुसून बसायची. मामांनी एक आंबा लावला होता, तोही मुळं खाली जाईनात म्हणून वाऱ्याने कलला आणि तसाच कललेला वाढला. हुलगा आणि सीताफळ सोडलं तर त्या रानाला कुणाचं कौतुक नव्हतं.

अशात मामांचं लग्न ठरायला आलं, ते नेमकं बहात्तरच्या दुष्काळात. आमच्याकडे सोयरिकीला आलेला माणूस आधी घर बघत नाही, रान बघतो. आणि मुलीचे वडील होते मांजरा नदीकाठचे, काळ्या कसदार रानातले. ते येणार म्हटल्यावर घरात गडबड उडाली. गावतळं आटून कोरडं पडलेलं होतं. मामांनी आणि त्यांच्या मित्रांनी रस्त्याकडेला एका जागी पहारीने खड्डा पाडला, तळ्यातला काळा गाळ त्यात भरला, वरून आपली तांबडी माती पसरली. पाहुण्यांना फिरवत फिरवत तिथंच आणून उभं केलं. अप्पांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, हातातली काठी दाबली. ती मुठीपर्यंत गेली. अप्पांनी काठी पुसली आणि पान मागितलं. सोयरीक जमली.

मामी आल्या. मामांना खोटं पोटात ठेवता येत नसे. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मामींना रानात नेलं, सगळं सांगून टाकलं आणि हातात खुरपं दिलं. मामींनी इकडे तिकडे चार ठिकाणी ते खुपसून पाहिलं, सगळीकडे खण्ण. माहेरी निरोप धाडतील या भीतीने मामा दिवसभर जेवले नाहीत. मामींनी निरोप धाडला नाही. पण पुढे अप्पा लेकीला भेटायला आले आणि ओसरीवर बसून त्यांनी सरळ विचारलं, ‘पोरी, रान कसं हाय?’ भाकरी थापत मामी म्हणाल्या, ‘कमरेएवढी माती हाय, अप्पा.’

अप्पांना पोचवून मामा परतले तर मामी दारातच उभ्या होत्या. ‘मी अप्पाशी जन्मात कधी खोटं बोलले न्हाई. आता बोलले,’ त्या म्हणाल्या. ‘ते खरं करायचं तुमच्याकडं.’

मामांचं पुढचं सगळं आयुष्य या एका वाक्यापायी गेलं, असं म्हटलं तरी चालेल. दर उन्हाळ्यात तळं उघडं पडलं की मामांची बैलगाडी सुरू. आधी पहारीने थर फोडायचा, मुरूम उपसून बांधावर टाकायचा आणि खड्ड्यात गाळ भरायचा. लोक मामांना येड्यात काढायचे, मामाही त्यांच्याबरोबर स्वतःला हसायचे. एवढं करून एका उन्हाळ्यात अंगणाएवढं रान व्हायचं. मधूनच अप्पा यायचे आणि काठी घेऊन निघायचे. मामा त्यांना हाताला धरून भरलेल्या जागेवर न्यायचे, पलीकडे पाऊल टाकू द्यायचे नाहीत. ‘तिकडं साप निघायलेत, अप्पा.’ बिचारे अप्पा मांजराकाठच्या गावागावात सांगत फिरायचे, जावयाचं रान सोन्यासारखं आहे, पण सापांनी भरलंय.

पुढे लातूरचा वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, रस्ते निघाले आणि रस्त्यांना मुरूम हवा होता. सगळ्या गावाने नाक मुरडलेलं मामांचं रान एकाएकी मागणीत आलं. मामांनी ठेकेदाराला सांगितलं, मुरूम न्या, पण आधी वरची माती बाजूला काढायची, खालचा थर फोडून द्यायचा आणि तुमचे रिकामे ट्रक परत येताना तळ्यावरून गाळ घेऊन यायचे. ठेकेदार आधी हसला, मग तयार झाला. मी तेव्हा सुट्टीला गेले होते. ट्रक आला की मामा मुंडासं सावरत धावायचे, गाळ मुठीत घेऊन वास घ्यायचे, त्यातले गोगलगायींचे पांढरे शंख मला दाखवायचे. इतका आनंदी माणूस मी कुणाच्या लग्नातही पाहिलेला नाही. ठेकेदार गेला तरी बांधाकडचा भाग राहिलाच होता. तो मामांनी पुन्हा बैलगाडीने भरायला घेतला.

अप्पा गेले, रानाचं खरं न कळताच गेले. नंतरच्या उन्हाळ्यात मामा पुन्हा गाडी जुंपताना दिसले तेव्हा मी त्यांना चिडवलं, आता काठी घालायला कोण येणार आहे? मामा जू बांधत म्हणाले, ‘अप्पा गेले गं. पण तिचं बोलणं अजून खोटंच हाय की.’ मला तेव्हा हसू आलं होतं.

आम्हा लिंगायतांत देह आपल्याच रानात पुरतात. मी पोचले तेव्हा जागा कुठली यावर बोलणं चाललं होतं. माणसं म्हणत होती, रस्त्याकडेला सोपं जाईल, माती खोल आहे. मामी म्हणाल्या, बांधाकडं, पार शेवटाला. तिथं खडक लागेल, मशीन आणावं लागेल, असं कुणीतरी म्हणालं. मामी नुसत्या तिकडे चालू लागल्या.

खांदायला सुरुवात झाली. मामी कडेला बसून टक लावून पाहत होत्या. कुदळ सावकाश, विनासायास खाली जात होती. काळा गाळ वर येऊ लागला, त्यात ते पांढरे शंख होते. मामांनी तिथवरही भरत आणलं होतं, केव्हा ते बसवराजलाही माहीत नव्हतं. आत उतरलेला माणूस आधी गुडघ्यापर्यंत दिसेनासा झाला, मग कमरेपर्यंत, मग त्याचं नुसतं डोकं दिसू लागलं.

मामींनी डोळ्यांना पदर लावला. रडता रडता त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. माझा हात धरून म्हणाल्या, ‘अप्पाला मी कमरेएवढीच सांगितली होती गं... हे तर गळ्यापर्यंत हाय.’